बोलून दाखवलं की झालं

आरोग्य शिक्षिकेला काय काय यायला हवं, याची यादी दहा वर्षांनी नव्याने करायला सातजण बसले होते. दहा कलमं पटापट उरकली. अकरावं तर बिनवादाचं. ‘सांगितलेली माहिती रुग्णाकडून परत वदवून घेते.’ अध्यक्षबाई पान उलटणार, तेवढ्यात त्यांच्यातली सगळ्यात जुनी शिक्षिका, ताई, म्हणाली, "हे काढा."

सगळे बघतच राहिले. अहो, हे कलम म्हणजे ताईचा जीव की प्राण! नव्या मुलींना तिनेच ते घोकायला लावलेलं.

"वदवून घेऊन भागत नाही. त्याच्या हाताने करून दाखवायला लावा."

"त्यात वेळ फार जातो," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि बदलायला काही कारण तर हवं, ताई."

कारण होतं. दीड वर्ष ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ताईच्या धाकट्या भावाला घरात रेडिओ म्हणायचे. एकदा ऐकलं की तोंडपाठ, आणि एकदा सुरू झाला की बंद करणाऱ्याची खैर नाही. त्याला इन्सुलिन सुरू झालं, त्याच आठवड्यात ताईच्या शिकवण्याची परीक्षा होती. परीक्षक मागे खुर्ची टाकून, हीच यादी मांडीवर घेऊन बसलेले, आणि ठरलेला रुग्ण आलाच नाही. ताईने भावालाच बोलावून समोर बसवलं. किती घ्यायचं, कुठे टोचायचं, जेवणाआधी किती वेळ, त्याने सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. सिरिंज टेबलावरच पडून राहिली. त्याच्या हातात द्यायचं कुणाला सुचलं नाही, कारण यादीत तसं लिहिलेलंच नव्हतं.

नवव्या दिवशी त्याने चौपट औषध ओढून टोचलं. दुपारी दवाखान्यात नेईपर्यंत खेळ आटोपला होता.

लोक विचारायला लागले तेव्हा ताईच सगळ्यांच्या आधी म्हणाली, "मी नीट शिकवलं होतं. हलगर्जीपणा केला त्याने." भावजय समोरच बसली होती. खाली मान घालून तिने ते ऐकून घेतलं. ताईला तेव्हाही स्वतःची लाज वाटली होती, पण शब्द परत घ्यायचं धाडस झालं नाही.

आता ते सगळं तिने सातजणांपुढे सांगितलं, न थांबता. शेवटी म्हणाली, "नव्या मुलींच्या हातून असं होऊ नये. बस, एवढंच."

अध्यक्षबाईंनी कलम खोडलं आणि नवं लिहिलं.

ताई घरी गेलीच नाही, थेट भावजयीकडे गेली. भावजय कामावरून येऊन कपड्यांच्या घड्या घालत होती. ताईने चप्पल काढायच्या आधीच सुरुवात केली.

"तो हलगर्जी नव्हता गं. त्याला सिरिंजवरच्या रेघा दिसत नसणार. मी बघितलंच नाही. आणि वर खापर त्याच्यावरच फोडलं."

भावजयीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"नव्हत्याच दिसत, ताई. तुमच्या परीक्षेच्या दिवशीच घरी येऊन म्हणाले मला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आठ दिवस मीच भरून देत होते. नवव्या दिवशी पहाटेच कामावर बोलावलं. भरून ठेवायचं राहून गेलं." तिने टॉवेल बाजूला ठेवला. "तुम्ही त्यांना हलगर्जी म्हणालात, तेव्हा मला वाटलं, निदान माझं नाव तरी कुणी घेतलं नाही. असं वाटलं मला, ताई. माझ्याच नवऱ्याबद्दल."

ताई तिच्याजवळ जाऊन बसली. तिने भावजयीचा हात धरला, दोघी रडल्या, आणि कोण कुणाची समजूत घालतंय तेच कळेना.

डोळे पुसून ताई म्हणाली, "पण त्याने स्वतः का नाही सांगितलं मला? रेडिओ तो. त्याच्या पोटात काही राहायचं का?"

"मी म्हटलं होतं, आत्ताच्या आत्ता फोन करा. तर म्हणाले, थांब. तिचा निकाल लागू दे. मला दिसत नव्हतं हे कळलं तर तिचे गुण कापतील. एकदा पास झाली की सांगतो."

निकालाचं पत्र भाऊ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आलं होतं. ताई पहिली आली होती.