उंच लाट आधी पोचते

प्रमोदिनी कसबा बावड्यातल्या घरात शिरली तशी आक्का म्हणाल्या, "फोटो देव्हाऱ्यात ठेवलाय की. लई दिसांनी हसला अंबादास."

फोटो ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेच्या लाटा दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्याचा होता. आक्कांच्या या धाकट्या भावाने, प्रमोदिनीच्या अंबादास सरांनी, कॉलेजात एक पोलादी पिंप उभं केलं होतं. पंपाने त्यातली हवा काढायची, उरलेला विरळ वायू विजेने पेटवायचा, की प्लाझ्मा तयार. मग त्यात विजेचा एकच उंचवटा सोडायचा. तो न पसरता, आकार न मोडता पुढे गेला, तर ती एकाकी लाट. १९७८च्या दिवाळीत तसा उंचवटा दिसला आणि सरांनी सगळ्यांना कळवून टाकलं. त्यानंतर पोटातल्या आजाराने त्यांना अंथरुणावरून उठू दिलं नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते.

एकाकी लाट उंच असेल तर बुटकीच्या आधी पोचते. पण फिल्म महाग, म्हणून सरांनी एकाच उंचीच्या लाटेचा फोटो काढला होता. सोमवारी प्रमोदिनीने बुटकी लाट सोडून दुसरा काढला. तो पिशवीत होता. दाखवायचा नाही असं ठरवूनच ती आली होती.

"बुटकी काढलीस?" सरांनी अंथरुणावरून पहिलं तेच विचारलं.

तिने पिशवी मागे सरकवली.

"आण इकडं. आक्का, देव्हाऱ्यातला पण दे."

"त्याला कुंकू लावलंय."

"नैवेद्य नाही ना दाखवलास?"

सरांनी अंगठ्याने कुंकू पुसलं. पडद्यावरच्या चौकटी मोजल्या, पुन्हा मोजल्या. दोन्ही माथे सहाव्याच चौकटीवर होते, म्हणजे दोन्ही लाटा एकाच वेळी पोचल्या होत्या.

"साधी लाट आहे," ते म्हणाले. "तू लपवणार होतीस."

"हो, सर."

"मग मी चुकीचंच घेऊन गेलो असतो."

आक्का आत गेल्या. सरांनी दोन्ही फोटो पुन्हा जवळ धरले.

"वायूचा दाब जास्त आहे," ते म्हणाले. "तो उतरव आणि उंचवटा मोठा सोड. किती दिवस लागतील?"

"दाब उतरायलाच चार दिवस."

"बरं. लवकर बघ."

तिसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजचा शिपाई गुंडू सर गेल्याचा निरोप घेऊन प्रयोगशाळेत आला. पंप चालू होता. बंद केला असता तर पिंपात पुन्हा हवा शिरली असती. तो तसाच चालू ठेवून, खोलीला कुलूप लावून ती बावड्याला निघाली.