इरेनाने दिलेला कौल

माझी बायको इरेना ऑगस्टमध्ये गेली. हाडांचा कॅन्सर होता. तेव्हापासून शेजारचे लोक एकच गोष्ट विचारतात, तिचा भाऊ थॅड हल्ली दिसत नाही तो? आजवर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आता जे झालं ते लिहून ठेवतो.

मी लिंकनच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं गाड्यांना दारं बसवतो. थॅड पिलार्स्की कॅडिलॅकमध्ये सीट शिवायच्या खात्यात होता, गेल्याच वर्षी निवृत्त झाला. इरेनाचा बापही कॅडिलॅकचाच. आमच्या लग्नात तो म्हणाला होता, "जावई चांगला मिळाला, पण कंपनी चुकली." सगळा हॉल हसला होता. आमच्या पोलिश वस्तीत, हॅमट्रॅमिकमध्ये, दोन कंपन्यांत अशी लग्नं होतात, पण कमी.

दर रविवारी चर्च सुटलं की थॅड आमच्याकडे जेवायला यायचा. त्याची शहात्तरची कॅडिलॅक फ्लीटवुड आणि माझी सत्त्याहत्तरची लिंकन काँटिनेंटल दारात एकीमागे एक उभ्या राहिल्या की आमचा रस्ता भरून जायचा. मग आमचं सुरू.

"सत्त्याहत्तरला तुमच्या लोकांनी स्वतःच्याच गाडीला कात्री लावली," मी म्हणायचो. "फूटभर कापली."

"म्हणून तर मी शेवटची न कापलेली घेतली. पाचशे घनइंचाचं इंजिन आहे बाबा. तुझं चारशे साठ."

"तुझं इंजिन पेट्रोल पिण्यात पुढे आहे, एवढं कबूल."

"आणि तुझी गाडी दिव्यांवर झाकण ओढून फिरते. तोंड लपवणाऱ्याचं काहीतरी कारण असतंच की."

माझ्या चुलतभावाकडे क्रायस्लरची इम्पीरियल होती. पण ती गाडी बनायचीच बंद झाली म्हणून त्याला या वादात मत नव्हतं. इरेना स्वयंपाकघरात पिएरोगी, म्हणजे आमच्या उकडीच्या करंज्या, वळता वळता ओरडायची, "तुम्ही दोघांनी गाड्यांशीच लग्न करायचं होतं. निदान एवढे पिएरोगी तरी मला वळावे लागले नसते!"

मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की पाठीला किरणांचा शेक द्यावा लागेल. अ‍ॅन आर्बरच्या हॉस्पिटलात, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. थंडी संपली की हायवेवरच्या काँक्रीटच्या प्रत्येक जोडावर गाडी ठक्‌ करते. आम्हाला ते ऐकूही येत नाही. इरेनाच्या पाठीला तो प्रत्येक ठक्‌ कळायचा.

थॅड म्हणाला, "मी रिकामाच आहे. मी नेत जाईन तिला. मागे मखमलीची सीट आहे, पाय टेकायला पाटी आहे."

"माझी बायको आहे. माझी दुपारची पाळी असते, सकाळी मी नेईन," मी म्हणालो.

"तुझ्या त्या चामड्याच्या सीटवर ती घसरेल, क्लेम."

ते चामडं मी मुद्दाम जास्त मोजून घेतलं होतं, थॅडच्या मखमलीवर मात करायला. शिवाय कामावरचं वेगळंच. आमच्या लोकांचा एक रिवाज आहे. दुसऱ्या कंपनीची गाडी आणली तर ती कुंपणापलीकडे, पार टोकाला लावायची, आणि वर दिवसभर ऐकून घ्यायचं. माझ्या शेजारी काम करणाऱ्या ऑर्व्हिलला कुणीतरी थॅडचं सांगितलं असावं. तो म्हणाला, "काय रे, बायको कॅडिलॅकमधून जाणार म्हणे? मग तू दारं कुणासाठी बसवतोयस?" मी हसलो, पण ते लागलं.

शेवटी थॅडनेच तोडगा काढला. "इरेनालाच ठरवू दे. तोच रस्ता, दोन रविवार, दोन गाड्या. ती म्हणेल ते."

आम्हाला दोघांनाही ही कल्पना फार आवडली. हे मी लपवत नाही. आम्ही तिच्या पलंगाजवळ उभं राहून हे तिला सांगितलं तेव्हा आमचे चेहरे जत्रेला निघालेल्या पोरांसारखे असणार.

ती म्हणाली, "मी काय वजनकाट्यावर चढवलेलं डुक्कर आहे?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "बरं. करा."

पहिल्या रविवारी लिंकन. मी चालवत होतो, थॅड माझ्या शेजारी. तो मोजत होता. इरेना किती वेळा कण्हते ते. अ‍ॅन आर्बरला पोचल्यावर तो म्हणाला, "तेरा." मी म्हणालो, "तेरा काही फार नाहीत." मागे इरेना दाराचा पट्टा धरून बसली होती. तिने पट्टा सोडला नाही.

दुसऱ्या रविवारी कॅडिलॅक. थॅड चालवत होता, मी मोजायला बसलो. विमानतळापर्यंत चार झाले. मग आवाज थांबला. मी वळून पाहिलं. इरेना मखमलीत कलंडली होती, पाय पाटीवर, तोंड थोडं उघडं. झोपली होती. कित्येक आठवड्यांत तिला अशी झोप लागलेली मी पाहिली नव्हती. ती इतकी खाली सरकली होती की थॅडला आरशातून दिसत नव्हती, आणि खड्डे चुकवण्यात त्याचं सगळं लक्ष रस्त्यावर होतं.

"किती झाले?" त्याने विचारलं.

"मोजतोय," मी म्हणालो.

इप्सिलँटीच्या पुढे एका खड्ड्याने ती जागी झाली. मी अजून वळूनच बसलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. ती झोपलेली मी पाहिली हे तिला कळलं.

घरी आल्यावर थॅडने तिला खुर्चीत बसवलं, पांघरूण घातलं आणि म्हणाला, "आधी आकडा सांग, क्लेम."

"पंधरा," मी म्हणालो.

इरेनाने पांघरुणाची कडा नीट केली. "लिंकन," ती म्हणाली. "तुझी गाडी छान आहे रे थॅडी, पण मला लिंकन बरी पडेल."

थॅडचा चेहरा उतरला. पण त्याने माझ्याकडे हात पुढे केला. "हरलो. सख्ख्या बहिणीने हरवलं." मी तो हात हातात घेतला.

दोष गाडीचा नव्हता. एका पाठीला एक अंथरूण मानवतं, दुसऱ्या पाठीला दुसरं. इरेनाच्या पाठीला कुठलं मानवतं हे मला माहीत होतं. तरी तीस दिवस मी तिला चामड्याच्या सीटवर बसवून नेलं. ती पट्टा धरून बसायची. उशा लावल्या, घोंगडी अंथरली, तरी ती घसरायची. दुसऱ्या आठवड्यात एकदा परत येताना ती मोठ्याने ओरडली. मी गाडी कडेला घेतली.

"थॅडला सांगू का उद्यापासून?" मी विचारलं.

"काय सांगशील त्याला? तू पंधरा म्हणालास ना?"

मी गाडी चालू केली. त्यानंतर तो विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.

शेकाचा उपयोग झाला नाही.

सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सुट्टीला थॅड आला. मी पायरीवर बसलो होतो. कोपऱ्यावरून एक गाडी वळली, गडद निळी, लिंकन काँटिनेंटल, नवी कोरी. मला वाटलं कुणी पत्ता चुकलं. थॅड उतरला.

"बघतोस काय? घेतली," तो म्हणाला.

"आणि फ्लीटवुड?"

"विकली. आमच्या कॅडिलॅकवाल्यांच्या क्लबात पत्ते खेळायला गेलो या गाडीतून, तर एकानेही मला पानं वाटली नाहीत. तीस वर्षांच्या ओळखीची माणसं! वाल्टर म्हणाला, तुझा बाप थडग्यात वळला असेल." तो हसला आणि लगेच त्याचे डोळे भरले. "म्हटलं, वळू दे. माझी बहीण मरता मरता खोटं बोलली नसती. ती म्हणाली लिंकन, तर लिंकन."

मी गप्प बसलो असतो तर तो आजही माझ्याकडे जेवायला आला असता. पण तो गाडीच्या टपावरून हात फिरवत होता, इरेनाच्या डोक्यावरून फिरवावा तसा. ते मला बघवेना.

"पंधरा नव्हते," मी म्हणालो.

"काय?"

"तुझ्या गाडीत ती पंधरा वेळा कण्हली नाही. चार वेळा. मग झोपली. विमानतळापासून इप्सिलँटीच्या पुढपर्यंत."

त्याने हात टपावरच ठेवला. "झोपली?"

"हो."

"आणि तू पाहिलंस."

"हो."

त्याने मारावं असं मला वाटत होतं. मी उठून हात खाली सोडून उभा राहिलो. त्याने मारलं नाही. "किती खेपा केल्यास तू तिला घेऊन?" एवढंच विचारलं.

"तीस."

तो गाडीत बसला. नवी गाडी, किल्ली लागेना. दोनदा हुकली. मग गेला.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्यात ओप्वातेक मोडतात. पातळ, पांढरी, पापडासारखी. एकमेकांच्या हातातली तोडून खायची आणि वर्षभरातलं सगळं माफ करायचं. ती घेऊन मी थॅडच्या घरी गेलो. बर्फ पडत होतं. त्याची लिंकन दारात नव्हती, तिच्या जागी जुनाट हिरवी शेव्हरोले होती. दार त्यानेच उघडलं. आत टेबल मांडलेलं होतं, माशाचा वास येत होता. मी ओप्वातेक पुढे केली.

त्याने ती घेतली नाही. "तिची मागितलीस का माफी? ती असताना?"

"नाही."

"मग माझ्याकडे कशाला आणलीस?"

दार लागलं. मी ओप्वातेक तशीच घेऊन घरी आलो.

त्याचं बरोबर होतं. मी मागितली नव्हती. रोज दीड तास आम्ही दोघंच गाडीत असायचो, तीस दिवस. ती मागे, मी पुढे. वेळ पुष्कळ होता.