हिरवा कोट

"नाव नाही सांगणार," केली म्हणाली. "मैत्रीण आहे ती माझी."

"मैत्रीण उसन्या पैशांपोटी बँकेचं कार्ड ठेवून घेते होय, पोरी?" सल्लागार डग्लसने हळूच विचारलं.

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या मोफत कर्जसल्ला केंद्रात लॉरेन त्याच्या शेजारी शिकाऊ म्हणून बसली होती. आधी काही महिने चहा केला, मग फोन घेतले, मग असं बाजूला बसून ऐकत राहिली; परीक्षाही झाली. शुक्रवारी पगारी जागेची मुलाखत होती.

"अडीनडीला तीच धावते. रविवारी पुडिंग आणते, कान तुटलेल्या पिवळ्या भांड्यात." केली घुटमळली. "पण मी इथं आलेलं तिला कळलं कसं? म्हणते, हिरव्या कोटातली, जुळ्यांची आई रडत होती म्हणे. मी तर कुणाला बोलले नव्हते."

लॉरेनचं पेन थांबलं.

ते भांडं आत्ता लॉरेनच्याच घरी ओट्यावर होतं. शेजारच्या बेरिलचं. "तुला ऐकता येतं गं, तू तिथं जा," असं म्हणणाऱ्या बेरिलचं. लॉरेन केंद्रात असली की बेरिल तिच्या अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ बसे, आणि परतल्यावर किटली ठेवत विचारी, "मग, आज कोण आलं होतं रडायला?" नाव लॉरेनने कधी सांगितलं नाही. कोट सांगितला होता.

केली गेल्यावर तिने डग्लसला सगळं सांगितलं. त्याने चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"शुक्रवारचं आता विसर, लॉरेन."

"हो." तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

घरी जाताना खाडीवरून खारा वारा येत होता, दारोदारचं ऐकून दारोदार सांगत फिरणारा.

"दोन घास खाल्ले हो आईने," बेरिल म्हणाली. "मग, आज कोण?"

मनातलं बोलावं, तर ते केलीवरच शेकलं असतं.

"कुणी नाही. उद्यापासून येऊ नकोस बेरिल. काम सोडलं मी."

"वेडी का काय तू? एवढी शिकलीस."

लॉरेनने भांडं धुतलं, पुसलं, तिच्या हातात दिलं. दार लावलं.

आतून आईचा आवाज आला, "बेरिल, उशी गं."

लॉरेन आत गेली. बेरिल ठेवायची तशीच उशी मानेखाली सरकवली.

"देव तुझं भलं करो, बेरिल," डोळे न उघडता आई म्हणाली.