छत्तिसावा दात

हे कुणाला पटणार नाही, आणि ज्याला पटेल त्याच्या अकलेबद्दल मला शंका येईल. पण चादरीच्या मागाच्या एका चाकाने एक मोटार अशी पळवली, की तिच्यामागे उठलेली धूळ शर्यत संपल्यावर वाटेत दोनदा दम खाऊन रेषेपाशी पोचली.

एवढं बोललो आणि प्रभुलिंगने गॅस बारीक केला. त्याची चहाची टपरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या समोर आहे. माझी गोष्ट सुरू झाली की गिऱ्हाईक उठत नाही, हे त्याला अनुभवाने कळलंय. बाकावर पाळी सुटून आलेले चार विणकर होते. कडेला माझा दोस्त धुळाप्पा बसला होता आणि त्याच्या शेजारी त्याची लेक मायाक्का. ती पुण्याहून दोन दिवसांसाठी आली होती. गोष्ट त्या बापलेकीचीच, त्यामुळे मला जरा जास्तच चेव आला.

"अजिनाथकाका, धूळ कशी काय दम खाईल?" एका विणकराने विचारलं.

"तू पाळीत विडीला उठतोस तसा," मी म्हणालो, आणि पुढे निघालो.

धुळाप्पा म्हणजे जॉबर. मागांचा वैद्य म्हणा. माग अडला, धागा तुटायला लागला, धोटा उडाला, की बोलवा धुळाप्पाला. घराणं मेंढरं राखणारं, सांगोल्याकडचं. मिसरूड फुटायच्या आधी हा सोलापुरात आला आणि मागांच्या खडखडाटात शिरला तो शिरलाच. मागांनी त्याला पोटाला घातलं आणि बदल्यात कान मागून घेतले. आता त्याच्याशी ओरडून बोलावं लागतं, नाहीतर हाताने. बायको चंद्रव्वा गेली तेव्हापासून घरात बाप आणि लेक, दोघंच. भाकरी करताना एकाने थापायची आणि दुसऱ्याने भाजायची, भांडण झालं तर दोघांनी उपाशी राहायचं, असा संसार.

मायाक्काने पॉलिटेक्निक केलं. वर्गातल्या मुली संगणकापुढे बसायला लागल्या, आणि ही भंगारातून एक जुनी, छोटी, तीन सिलिंडरची मोटार ओढून घेऊन आली. ह्या समोरच्या बंद कारखान्यामागच्या शेडमध्ये तिने इंजिन उतरवलं, उघडलं, पुन्हा बांधलं. का, तर तुळजापूर रस्त्याच्या माळावर रविवारी मातीवरची मोटारींची शर्यत होती, आणि शर्यतीच्या गाड्या बांधणारा पुण्याचा कुणी अद्वैत ती बघायला येणार होता. त्याने फोनवर तिला सांगितलं होतं, की नंबर नाही आला तरी चालेल. तू बांधलेलं इंजिन फेरी पुरी करून आलं, तर सोमवारपासून माझ्याकडे कामाला ये.

म्हणजे गाडी चालली तर पोरगी पुण्याला. नाही चालली तर इथेच. हे शेडमधल्या उंदरांनाही ठाऊक होतं.

आता गाडीचं दुखणं ऐका. इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते, आणि ती नेमक्या क्षणी पडावी लागते. या गाडीत ठिणगी वाटणारी जुनी यंत्रणा इतकी झिजली होती, की ठिणगी कधी आधी पडायची, कधी नंतर, आणि कधी आठवण आली तर. एकदा तर गाडी बंद करून आम्ही चहा प्यायला गेलो आणि आदल्या दिवशीची राहिलेली ठिणगी तेव्हा पडली. नळीतून जो धुराचा गोळा निघाला तो थेट होटगीच्या दिशेने गेला.

"काल होटगीला दिसला मला," प्रभुलिंग म्हणाला.

मायाक्काने ती यंत्रणा काढून फेकली आणि त्या जागी इलेक्ट्रॉनिक डबा बसवायचं ठरवलं. डबा हुशार, पण आंधळा. इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, आता किती फिरलाय, पिस्टन कुठे आलाय, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी क्रँकच्या टोकाला, पट्ट्याच्या पुलीवर, दात असलेलं लोखंडी चाक बसवायचं आणि त्याच्या शेजारी सेन्सर. एकेक दात समोरून गेला की सेन्सर डब्याला कळवतो. पण सगळेच दात सारखे असले तर मोजायला सुरुवात कुठून करायची? म्हणून एक दात मुद्दाम काढायचा. ती रिकामी खाच समोर आली, की डब्याने ओळखायचं, फेरा इथून सुरू.

हे सगळं मायाक्काने बापाला हातांनी समजावलं. एका हाताची मूठ म्हणजे सेन्सर, दुसऱ्या हाताची बोटं म्हणजे दात, त्यातलं एक बोट मिटलेलं. धुळाप्पाने मान डोलावली. पण त्याला कळलं असेल म्हणता? छे. मान तो प्रभुलिंगने साखर किती विचारलं तरी डोलावतो.

तयार चाक मागवायला वेळ नव्हता. पण कारखान्याचे जुने माग तोडून भंगारात काढले होते, आणि अंगणात चाकांचा असा ढीग पडला होता, की वरच्या चाकांवर बर्फ साठायचं बाकी होतं. मागात एक चाक असतं, कापडात आडवे धागे किती दाट बसायचे ते ठरवणारं. माल बदलला की चाक बदलायचं, त्यामुळे जेवढे माल तेवढी चाकं. मायाक्का ढिगावर चढली आणि एकेक खाली टाकायला लागली. धुळाप्पा झेलून दात मोजायचा. मी देखरेख करत होतो.

तिच्या मनात आधी साठ दातांचं होतं. जितके दात जास्त तितकं डब्याला बारीक दिसणार. मिळालं तेही. पण ते होतं परातीएवढं, गाडीत मावेना. लहान चाकावर साठ दात पाडावेत, तर ते कंगव्यासारखे बारीक होणार आणि सेन्सरला दातांऐवजी भिंतच दिसणार. मग एक पितळी सापडलं. काय रूप होतं त्याचं. मी म्हणालो, हेच बसव, गाडीला नथ घातल्यासारखं दिसेल. ती म्हणाली, "काका, सेन्सर आंदळा हाय पितळाला. त्येला लोखंडच लागतं." शेवटी छत्तीस दातांचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, चाक हाती आलं. अंगाने आटोपशीर, दात जाड, एकही झिजलेला नाही. मायाक्काने ते छातीशी धरलं. लोक सून पसंत करताना एवढी पारख करत नाहीत.

मग बसवायचं काम. चाकाचं मधलं भोक लेथवर वाढवून घेतलं आणि ते पुलीवर तीन बोल्टांनी आवळलं. पण नुसतं आवळून भागत नाही. चाक लंगडायला नको. लंगडलं तर दात एका बाजूला सेन्सरला घासणार, दुसऱ्या बाजूला लांब पळणार. धुळाप्पाने खडू धरला, मायाक्काने क्रँक हाताने फिरवला. खडू जिथे लागला ती बाजू उंच. बोल्ट सैल, एक टिचकी, पुन्हा आवळ. असं करता करता खडू सगळीकडे सारखा लागला, आणि इतका गोल लागला की चंद्राने येऊन माप घ्यावं. सेन्सर आणि दात यांच्यात चार पोस्टकार्डं जेमतेम सरकतील एवढी फट ठेवली. मग मायाक्काने करवतीने एक दात कापला. कापताना धुळाप्पाने मान फिरवली. चांगल्या चाकाचा दात कापणं जॉबरला बघवत नाही.

शुक्रवारी दुपारी चावी फिरवली. काय सांगू. एका झटक्यात इंजिन लागलं आणि असं चाललं, असं सावकाश आणि सारखं, की मी बॉनेटवर ठेवलेल्या कपातल्या चहावर साय धरली. शेजारच्या कारखान्यातले विणकर माग सोडून भिंतीवर चढले. मायाक्का नाचत होती. मी नाचत होतो. तिने टायमिंगचा दिवा पुलीवर धरला. तो ठिणगीबरोबर लुकलुकतो, त्यामुळे गरगर फिरणाऱ्या पुलीवरची पांढरी खूण जागच्या जागी उभी दिसते. धुळाप्पा त्या उभ्या राहिलेल्या खुणेकडे बघत बसला. मग त्याने विचारलं, "लांब जाईल का गं ही?"

मायाक्का त्याच्या कानाशी ओरडली, "पुन्यापतूर जाईल की, बाबा."

धुळाप्पाने हात पुसले आणि सुपारी काढली.

शनिवारी मायाक्का टायर आणायला गेली. शेडमध्ये धुळाप्पा एकटा. आता जॉबरचा डोळा कसा असतो, ते तुम्हा विणकरांना मी काय सांगायचं. मागाच्या चाकाचा एक दात मोडला तर कापडावर आडवी रेघ पडते आणि अख्खी चादर दुय्यम मालात जाते. ज्याने जन्मभर मोडके दात बसवले, त्याच्यासमोर छत्तिसातला एक दात नसलेलं चाक आलं तर त्याचे हात गप्प बसतील? त्याने चाक उतरवलं, खोबण पाडली, लोखंडाचा तुकडा कानसून कानसून दाताच्या आकाराचा केला, ठोकून बसवला आणि चाक पुन्हा जागेवर आवळलं. बिचाऱ्याला वाटलं, पोरीच्या गाडीत खोट राहायला नको. इतकं भोळं माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरं नाही. मी तर म्हणतो कर्नाटकातही नाही.

विणकर हसले. एकाने धुळाप्पाच्या पाठीवर थाप मारली. धुळाप्पाही हसला. त्याला कितपत ऐकू आलं होतं कुणास ठाऊक. मायाक्का कपाच्या काठावरून माझ्याकडे बघत होती.

रविवारचा माळ डोळ्यांपुढे आणा. पंचवीस गाड्या, भोंगे, वडापावच्या गाड्या, आणि ऊन असं की सावल्यासुद्धा सावली शोधत होत्या. मायाक्काने चावी फिरवली. इंजिन फिरलं, लागलं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा नाही. प्लग काढले, तारा बघितल्या, बॅटरी बदलली. ठिणगीच नाही. अर्थात कशी असेल? छत्तीसच्या छत्तीस दात एकापाठोपाठ एक चाललेत, खाच कुठेच नाही, आणि डबा बिचारा सुरुवात शोधत बसलाय. पुकारणाऱ्याने तिचं नाव एकदा घेतलं. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं की गाडी बाद. पुण्याचा अद्वैत चष्मा पुसत उभा होता. मायाक्का पाना घेऊन बॅटरीच्या तारा पुन्हा आवळत होती.

तेवढ्यात मी पुढे झालो. म्हटलं, बाजूला हो पोरी. गाडीचं पुढचं चाक काढलं, मातीत पाठ टेकली, बोट घातलं आणि दात मोजायला लागलो. तेहतीस, चौतीस, पस्तीस. पस्तिसावर संपायला हवं होतं. बोटाला छत्तिसावा लागला. हातोडी घेतली, पंच घेतला, दातावर टेकवला, आणि एकच घाव. दात उडाला तो असा उडाला, की वर घिरट्या घालणारी घार खाली बसली.

मायाक्काने चावी फिरवली आणि इंजिनाने अशी डरकाळी फोडली, की पुकारणारा तिचं नाव तिसऱ्यांदा घ्यायचं विसरला आणि स्वतःचंच घेऊन बसला. गाडी सुटली. पहिल्या वळणाला मागचं टोक पुढे आलं, पुढचं मागे गेलं, आणि तिने ते पुन्हा जागेवर आणलं. उंचवट्यावरून चारी चाकं हवेत गेली तेव्हा खालून एक ससा रमतगमत पलीकडे गेला. फेरी पुरी झाली. नंबर चौथा आला, पण अद्वैत धावत आला आणि म्हणाला, उद्या ये. मग माझ्याकडे वळून म्हणाला, काका, तुम्ही नसता तर...

"काका," मायाक्का म्हणाली.

मी थांबलो. तिने कप बाकावर ठेवला होता.

"कुटल्या बाजूनं ठोकला तुमी त्यो दात?"

"म्हंजे?"

"आतनं की भाईरनं?"

मी जरा विचार केला. माळरानावर घाव घालणाऱ्या माणसाला शोभेल असं काहीतरी उत्तर हवं होतं. "आतनं," मी म्हणालो. "इंजिनाच्या बाजूनं. पार कोपरापतूर हात घालून."

"तितं बोट जातं, काका. हातोडी न्हाय जात," ती म्हणाली. "आन् तुमी त्या रविवारी नातेपुत्याला साडूच्या लेकीच्या लग्नात जेवत हुता. जिलबी चांगली हुती म्हनून तुमीच सांगितलंत की."

बाक हसून हलला. प्रभुलिंगने तर टेबलावर झारा आपटला. मीही हसलो. पकडलं गेल्यावर आधी आपण हसावं, म्हणजे बाकीचे लवकर थांबतात. पण मायाक्का हसत नव्हती.

"बाबा मागाला दात बसवत्यात," ती म्हणाली, "त्यो चाक फुटलं तरी निघत न्हाय. ह्या चार जणांना इचारा. त्यो दात तसा न्हवता. आतनं पाचर मारून बसवलेला. चाक न उतरवता, भाईरनं एक घाव घातला की सुटावा, असा. चुकून बसवनारा मानूस असा बसवत न्हाय."

चारही विणकरांनी धुळाप्पाच्या हातांकडे बघितलं. ते चौघेही मागावरचेच होते. त्यांना आणखी सांगावं लागलं नाही.

धुळाप्पा आमच्या तोंडांकडे बघत होता. काय चाललंय, असं त्याने हाताने विचारलं. मायाक्का त्याच्याकडे सरकली, आणि त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "बसवला ह्यांनीच, काका. आन् काडला बी ह्यांनीच."