इंजिन सगळ्यात शेवटी

“अहो, ही गोणी आणखी किती वर्षं लटकत ठेवणार आहात? चांगला पडदा होता हो माझा तो.”

हे विमानाच्या पोटाखाली उताणे पडले होते. तिथूनच आवाज आला, “इंजिन आलं की काढू.”

“आणि इंजिन कधी येणार?”

“सगळ्यात शेवटी.”

हे उत्तर मला पाठ होतं. आमच्या घरामागच्या शेडमध्ये दोन माणसांचं एक विमान आहे. सुटे भाग मागवून ह्यांनी ते स्वतःच्या हाताने जुळवलंय. जन्मभर ह्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. लोकांना वर पाठवायचं आणि आपण खाली खड्ड्यात उभं राहून ग्रीस लावायचं, असा तो धंदा. गल्लीत सगळे ह्यांना लिफ्टवालेच म्हणतात. विमानाचं कळलं तेव्हा शेजारचे काका म्हणाले होते, “लिफ्टवाल्यांना आता दोरसुद्धा नकोसा झाला!”

विमानाला चाकं आली, शेपटी आली, पंख आले. पंख तर दोन वर्षं आमच्या झोपायच्या खोलीत भिंतीला टेकून उभे होते. इंजिन तेवढं नाही. नाकात वजन नसलं की हे विमान बदकन शेपटीवर बसतं, म्हणून इंजिनाच्या जागी त्याच्याच वजनाची वाळूची गोणी टांगलेली. ती शिवली मी, माझ्या पडद्याची. थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे, असं मला सांगितलं होतं.

‘शेवटी’ला कारण होतं, नाही असं नाही. इंजिन आणून नुसतं ठेवलं की ते आतून गंजतं. विमान बांधणारी ही सगळी वेडी मंडळी एकमेकांना हेच बजावत असते, की चालू करायची वेळ आल्याशिवाय इंजिन घ्यायचं नाही. पण मला वेगळाच संशय होता. इंजिन नाही तोवर ‘कधी उडताय?’ असं कोणी विचारत नाही. ह्यांना तेच बरं वाटत असावं.

त्या वर्षी मात्र डॉक्टरांनी घाई लावली. विमान चालवायला दरवर्षी डॉक्टरांचा दाखला लागतो. ह्यांच्या छातीचा ठोका मधूनच चुकायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, “यंदा सही करतो. पुढच्या वर्षीचं मी काही बोलत नाही.” घरी आल्या आल्या ह्यांनी इंजिनवाल्याला फोन लावला. नवीन इंजिन दोन महिन्यांत मिळणार होतं. “सोमवारी पैसे भरतो,” हे म्हणाले. मला इतका आनंद झाला, की मी त्या शेडला चक्क झाडू मारला.

आणि रविवारी मास्तरीणबाईंचा फोन आला.

मास्तर म्हणजे ह्यांचे मित्र. शाळेत भूमिती शिकवायचे. दोघांनी विमानं एकदमच सुरू केली, पण मास्तरांनी इंजिन सगळ्यात आधी घेतलं. “घरात इंजिन दिसलं की हुरूप येतो,” म्हणायचे. हुरूप आला तो आलाच, पण विमान अर्धंही झालं नाही आणि मास्तर गेले. सांगाडा कोणीतरी नेला. इंजिन राहिलं. मास्तरीणबाई आता लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या आणि लेकीच्या घरात इंजिनाला जागा नव्हती.

“नुसतं बघून येऊ,” हे म्हणाले.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत, सोफा आणि टीव्हीच्या मधे, लाकडी घडवंचीवर इंजिन होतं. वर विणलेलं पांढरं शुभ्र कापड. कापड काढलं तर काय सांगू, माझी भांडी इतकी लख्ख नसतात. पुढच्या दांड्याला एक लाकडी फळी बसवलेली होती, पंख्याच्या पात्यासारखी.

“ही कशाला?” ह्यांनी विचारलं.

“फिरवायला!” मास्तरीणबाई म्हणाल्या. “हे फिरवायचे ना रोज सकाळी. म्हणायचे, यंत्र पडून राहिलं की जाम होतं. हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. तरी मी उठले आणि फिरवलं. तेव्हापासून एक दिवस चुकवलेला नाही, भावजी. ताप असला तरी. बघा ना, कसं लोण्यासारखं फिरतं!”

त्यांनी फळीला हात लावला आणि फिरवलं. आतून हलकासा सुस्कारा आला.

ह्यांचे कान लाल झाले. चाळीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं, की हे काहीतरी गिळतायत. ह्यांनी खिशातून पाना काढला, एक प्लग सोडवला, त्या भोकाशी बारीक टॉर्च धरला आणि दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला चिमुकला आरसा आत घातला. बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

“कसं आहे हो?” मास्तरीणबाईंनी विचारलं. त्यांनी पदराचं टोक दोन्ही हातांत धरलं होतं. “विमान तर नाही झालं ह्यांचं. निदान इंजिन तरी वर जावं, एवढंच वाटतं बघा.”

“वहिनी,” हे म्हणाले, “इतकं जिवापाड कोणी इंजिन जपलेलं मी पाहिलं नाही. मी घेतो.”

त्यांनी मागितली ती रक्कम ह्यांनी कबूल केली. घासाघीस नाही, काही नाही. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

गाडीत बसल्यावर मी तोंड उघडलं. “काय दिसलं आत?”

“गंज.”

“काय?”

“सगळीकडे. आतल्या भिंतींना तेलाचा पातळ थर असतो, तोच लोखंडाला वाचवतो. इंजिन चालू केलं की नवं तेल उडतं, चढतं. हाताने फिरवलं की असलेलं पुसलं जातं आणि नवं काही चढत नाही. नुसतं ठेवलं असतं तर कदाचित वाचलंही असतं. रोज फिरवून...”

“म्हणजे वहिनींनीच...”

“मास्तरांनी सुरुवात केली. पंख्याला, शिलाई मशीनला, लिफ्टला हेच बरोबर आहे गं. मीही लिफ्ट नुसती पडून राहू देत नसे. ह्याला तेवढं चालत नाही.”

मी डोक्याला हात लावला. “आणि तुम्ही ते विकत घेतलंत! डोकं फिरलंय का तुमचं? एका इंजिनापुरती शिल्लक आपली! ‘माझ्या विमानाला बसत नाही’ म्हणायचं आणि निघायचं. खोटंच बोलायचं होतं तर ते बोलायचं!”

“मग दुसरा कोणी आला असता.” हे समोर रस्त्याकडे बघत होते. “त्यानेही आरसा घातला असता. आणि वहिनींच्या तोंडावर सांगितलं असतं, की बाई, तुम्हीच घालवलंत हे.”

माझा राग गेला नव्हता. उलट जास्तच आला, कारण आता तो कोणावर काढायचा तेच कळेना.

“दुरुस्त होईल?” शेवटी मी विचारलं.

“होईल. सगळं उघडावं लागेल. वेळ लागेल.”

वेळच तर नव्हता. ते दोघांनाही ठाऊक होतं.

इंजिन उघडलं. शेडमध्ये चादर अंथरून त्याचा एकेक तुकडा मांडला. काही भाग नवे मागवावे लागले, ते यायला महिने गेले. एकदा तर चुकीचाच भाग आला, तो परत पाठवला. ह्यांनी कुरकुर केली नाही, मीच दोघांच्या वाटणीची केली. विमान अजून त्या वाळूच्या गोणीवरच तोल सांभाळत होतं, आणि डॉक्टरांकडे जायची तारीख आली.

हे परत आले, हात धुतले आणि म्हणाले, “नाही म्हणाले.” मग शेडकडे गेले. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. मला खूप रडू आलं. ह्यांना आलं की नाही, कोण जाणे. संध्याकाळी पाहिलं तर हे नेहमीसारखे पिस्टन पुसत बसले होते.

हे विमान चालवायला शिकले त्या फ्लाइंग क्लबातला प्रशिक्षक भला माणूस. तो म्हणाला, “मी उडवतो हो तुमचं विमान. चाचण्या झाल्या की तुम्हाला शेजारी बसवून नेतो. शेजारी बसायला दाखला लागत नाही.”

“शेजारी बसायला बांधलं नव्हतं,” हे म्हणाले. पण त्याला नाही असंही म्हणाले नाहीत.

इंजिन बसलं त्या दिवशी गोणी मी स्वतः उतरवून घेतली. पडदा पार विटला होता. पहिल्यांदा चालू करायचं, म्हणून ह्यांनी विमान अंगणात ओढलं आणि शेपटीला जाड दोर बांधून तो लोखंडी खांबाला आवळला. मास्तरीणबाईंना लेकीकडून बोलावून घेतलं होतं. त्या नवी साडी नेसून भिंतीपाशी खुर्चीवर बसल्या होत्या.

हे आत बसले. विमान खांबाला बांधलेलं, जायचं कुठेच नाही, तरी ह्यांनी पट्टा लावला. मी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि मग असं काही धडधडलं, की काकांच्या खिडकीतली भांडी वाजली. दोर ताणला गेला. मास्तरीणबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं.

ह्यांनी ते बंद केलं. पातं थांबलं, तशा मास्तरीणबाई उठल्या आणि सरळ पात्याकडे निघाल्या. सवयीने हात पुढे गेला. हे टुणकन बाहेर पडले आणि त्यांचं मनगट धरलं.

“नको, वहिनी. गरम इंजिन आहे, झटका देईल.”

“फिरवायचं नाही?”

“आता नाही. तुम्ही फिरवत होतात म्हणून माझ्या हाती आलं. आता ते आपलं आपण फिरेल.”

“म्हणजे माझी सुट्टी?”

“सुट्टी.”

त्यांनी पात्यावरून एकदा नुसता हात फिरवला आणि खुर्चीकडे परत गेल्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. दमलेले दिसत होते, म्हातारे दिसत होते. इतक्या वर्षांत मी त्या विमानात कधी बसले नव्हते. तुमच्या त्या डब्यात मी पाय ठेवणार नाही, असं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

“सरका,” मी म्हटलं. “शेजारी बसायला दाखला लागत नाही ना?”

साडी सावरत कशीबशी चढले. गुडघा आपटला. हे पलीकडून येऊन आपल्या जागेवर बसले. पट्टा काही केल्या लागेना, तो ह्यांनी लावून दिला.

“करा परत चालू.”

सगळं विमान थरथरायला लागलं, दोर ताणला, समोरचं पातं दिसेनासं झालं. हे काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. भिंतीपाशी मास्तरीणबाई उभ्या राहिल्या होत्या. गावाला निघालेल्या माणसांना करावा तसा त्यांनी आम्हाला टाटा केला. मीही हात हलवला.