चुंबकाला चिकटलेली नळी

शालिनीबाई पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकल्या, नोएडाच्या रुंद रस्त्यांवर झोकात मारुती चालवू लागल्या, पण नवरा काही शेजारी बसेना. पद्माकररावांचं म्हणणं एकच: सायलेन्सर फुटलाय, गाडी खोकत चालते, लोक माना वळवून बघतात. तो बदल, मग बसतो. संक्रांतीला पानिपतच्या काला अंबला, मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकाला, दोघांनी स्वतःच्या गाडीतून जायचं, एवढीच बाईंची हौस होती. मराठी मंडळाच्या बसने ती दोघं वर्षानुवर्षं जातच होती.

पुण्याच्या लेकाने, निहारने, फोनवर सांगितलं की तयार सायलेन्सर घेऊ नकोस, दिल्लीत करोल बागेत हवा तसा बनवून देतात. त्याची नळी जरा रुंद घे, आवाज भारदस्त येईल. बाईंना ‘भारदस्त’ फार आवडलं. शनिवारी त्या गाडीने निघाल्या. पद्माकररावही सल्ला द्यायला आले, पण बसने! एकाच घरातून निघून नवराबायको असे वेगवेगळे पोचले. बाईंना हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

दुकानदाराने तीन नळ्या मांडल्या. पद्माकररावांनी खिशातून फ्रिजवरचं चुंबक काढलं. या परीक्षेशिवाय घरात एक वाटीही आली नव्हती. चुंबक चिकटलं की स्टील खोटं. पहिली नळी साधी लोखंडी, गंजणारी, म्हणून बाद. दुसरी चकचकीत, तिच्यावर चुंबक ठरेना, म्हणून पास. तिसरी मळकट, म्हणायला स्टेनलेस, पण तिला चुंबक चटकन चिकटलं.

“ये तो नकली है,” पद्माकररावांनी निकाल दिला.

दुकानदार हसला. हेही स्टेनलेसच, म्हणाला, फक्त भांड्यांचं नाही, सायलेन्सरचं. चकचकीत नळी तापली की जास्त फुगते, जोडाला तडा जाऊ शकतो. ही कमी फुगते. दिसायला कळकट होईल, पण टिकेल.

तरी पद्माकररावांनी चकचकीतचाच धोशा लावला. बाईंनी मळकट नळीवर हात ठेवला.

“अहो, मला यात श्रीखंड ठेवायचं नाहीये.”

दुपारपर्यंत नळी वाकवून, जोडून, बसवून झाली. बाईंनी किल्ली फिरवली आणि गाडी खर्जात, समाधानाने गुरगुरली. त्यांना असा आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं. पद्माकरराव मात्र दाराशी घुटमळत उभे होते.

“खरं सांगू?” ते हळूच म्हणाले. “आवाजाचं निमित्त होतं. मला भीती वाटते.”

“ठाऊक आहे मला. बसा.”

ते बसले. यमुनेच्या पुलापर्यंत त्यांनी दाराचं हँडल घट्ट धरलं होतं. पूल ओलांडल्यावर सोडलं, मग काच खाली केली आणि कान देऊन आवाज ऐकत राहिले. घराचं वळण आलं तशी बाईंनी गाडी हळू केली.

“इथे नको, सरळ घे,” ते म्हणाले. “मंडळाच्या बसचं जयंत बघतो ना? त्याच्या दारावरून जाऊ. यंदा आपल्या जागा धरू नको म्हणून सांगतो त्याला.”

जयंतच्या घरासमोर बाईंनी हॉर्नवर हात नेला. पद्माकररावांनी तो अलगद बाजूला केला.

“हॉर्न कशाला? जरा रेस कर. येईल तो बाहेर.”