अर्ध्या तासाचा हलवा

"यंदा नव्याच्या सणाला हलवा होणार नाही," शुलामितने जाहीर केलं. घरात सगळ्यांना काळजी पडली, पण तिच्या दुखऱ्या खांद्याची नव्हे, हलव्याची.

इस्राएलमधल्या किर्यात मलाखी गावातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये रोश हाशानाला, म्हणजे नव्याच्या सणाला, शुलामितचा हलवा गेला नाही असं दार नव्हतं. नारळाचं दूध, साखर आणि गव्हाचा चीक. अलिबागकडच्या गावातून तिच्या सासूने मुंबईला नेलेला आणि मुंबईहून इस्राएलला आणलेला हा हलवा. दिवसभर शिवणाच्या कारखान्यात मशीन चालवून शुलामितचा उजवा खांदा आधीच आखडला होता. कुपात खोलीमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की जड काम बंद, आणि ढवळणं तर मुळीच नाही. ते घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने, एफ्राईमने, पेपरातून डोकंही वर न काढता म्हटलं होतं, "बाम लाव."

आता या माणसाने यावर उपाय काय काढावा? त्याने पुडिंगच्या कंपनीला पत्र लिहिलं!

एफ्राईमचं हिब्रू बोलणं ठीक, लिहिणं अगदीच लंगडं. म्हणून तेल अविवच्या ऑफिसातून घरी आलेल्या लेकीला, ओदेलियाला, त्याने टेबलाशी बसवलं आणि मजकूर सांगू लागला. 'तुमच्याकडे चॉकलेट आहे, व्हॅनिला आहे, चॉकलेटवर व्हॅनिला आहे आणि व्हॅनिलावर चॉकलेट आहे. आता पुढे काय? आमचा हलवा काढा. त्यात नारळाचं दूध असतं, जनावराचं नाही, त्यामुळे आपल्या धर्माप्रमाणे मटणाच्या जेवणावरही चालतो. असं पुडिंग तुमच्या बापजाद्यांनी पाहिलं नसेल.' बापजादे ओदेलियाने गाळले.

उत्तर नाही. मग दुसरं पत्र: 'शलमोन राजाने हा हलवा खाल्ला असता, तर शेबाच्या राणीकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.' तिसरं तर एफ्राईमच्या पोटाने स्वतः लिहिलं होतं. बापलेक हसून लोळत होते. शुलामित डाव्या हाताने भांडी घासत होती आणि मनात म्हणत होती, पोटाला पत्र लिहिता येतं, हाताला भांडं उचलता येत नाही.

तिला राग हलव्याचा नव्हता. तिलाही तो हवा होता. आपल्यामागे तो कोण करणार, ही चिंता तिला किती दिवस पोखरत होती. पण 'आमचा हलवा, आमचा हलवा' म्हणत मिरवणाऱ्या या घरात तिचं दुखणं कुणाच्याच तोंडी नव्हतं, ते मात्र तिला सोसवेना.

शेवटी कंपनीचं उत्तर आलं. कृती पाठवा! एफ्राईमला आकाश ठेंगणं झालं. बायकोला विचारावं हे त्याच्या गावीही नव्हतं. जन्मभर हलवा खाल्लेल्या माणसाला कृती काय विचारायची? त्याने ओदेलियाला सांगून टाकली: नारळ, साखर, पीठ एकत्र करावे, ढवळावे, अर्ध्या तासात तयार.

नंतर एका गुरुवारी संध्याकाळी कंपनीचं दुसरं पाकीट आलं. एफ्राईमची थोरली बहीण रूथआत्या जेवायला आली होती. ऐकायला माणसं आहेत म्हटल्यावर एफ्राईमने ते मोठ्याने वाचायला लावलं. ओदेलिया हिब्रूतून अडखळत मराठी करून सांगू लागली.

"अदिना नावाच्या बाईंचं आहे. म्हणतात, तुमची पत्रं आम्ही भिंतीवर लावली आहेत. पण आबा... म्हणतात, तुमच्या कृतीने अर्ध्या तासात जे तयार झालं, ते आम्ही पेल्यातून प्यायलो."

रूथआत्याच्या घशात चहा अडकला.

"पुढे विचारतात, हा हलवा तुम्ही स्वतः कधी ढवळला आहे का? की ढवळणारं माणूस वेगळं आहे? तसं असेल तर पुढचं पत्र त्या माणसाकडून यावं. माझी आई मोरोक्कोची. घरात सगळे आमचा कुसकुस म्हणतात, तळहात मात्र रवा वळून वळून तिचे एकटीचे लाल होतात. म्हणून विचारलं."

शुलामित आधी हसली. मग तिचं हसू कुठे गेलं तिलाच कळलं नाही.

"अर्धा तास?" ती म्हणाली. "अहो, गहू तीन दिवस भिजतात. ते वाटायचे, पिळायचे, चीक काढायचा. मग दुपार कलेपर्यंत चाटू हलवायचा, थांबलं की खाली लागतं. तुम्ही सिनेगॉगमधून येता तेव्हा ताटात वड्या असतात, म्हणून तुम्हाला अर्धा तास वाटला. चार पत्रं लिहिलीत त्या कंपनीला. मला एक शब्द विचारलात?"

एफ्राईम गोरामोरा झाला. आधाराला त्याने बहिणीकडे पाहिलं. "रूथ, तू सांग. आपल्या आईने कधी तक्रार केली?"

"नाही केली," रूथआत्या म्हणाली. "ऐकायला कोण होतं? शेवटच्या दोन वर्षांत तिचा हात डोक्यापर्यंत जात नव्हता. तिचे केस मी विंचरायची. तुला कसं माहीत असणार? तू हलवा झाल्यावर यायचास."

"चव बाजारातून आणता येते रे," रूथआत्या पुढे म्हणाली, आता जरा हळू. "पण ज्या बाईने ती टिकवली तिला एकटीला राबवायचं आणि ती थकली की कंपनीला चिठ्ठी धाडायची, हा कुठला न्याय? हलवा तुमचा सगळ्यांचा ना? मग कष्टही सगळ्यांचे होऊ देत."

एफ्राईमने पत्र घडी करून खिशात ठेवलं. त्या रात्री त्याने विनोद केला नाही, आणि शुलामितला तेच जास्त बोलकं वाटलं.

सणाच्या आदल्या दिवशी त्याने मोसंब्यांच्या पॅकिंग हाऊसमधून रजा काढली. शुलामित स्टुलावर बसली आणि चाटू त्याच्या हातात गेला. पहिल्या दहा मिनिटांत त्याने विचारलं, "झालं?"

"नाही."

"आता?"

"अहो, अजून उकळीसुद्धा आली नाही."

चीक घट्ट होऊ लागला तसा चाटू जड झाला आणि एफ्राईमची बडबड बंद पडली. घाम पुसायला तो क्षणभर थांबला आणि तळाला हलवा लागला. शुलामित ओरडली, मग हसली. "बेसेदेर, ईमा, ठीक आहे आई, मी घेते," ओदेलिया हिब्रूत म्हणाली आणि तिने चाटू घेतला. कधी आच कमी करायची, कडा कधी सुटतात, हे शुलामितने मराठीत सांगितलं, लेकीने हिब्रूत परत विचारलं, आणि दोघींना सगळं समजलं. वड्यांना यंदा धुराचा वास होता, तरी बिल्डिंगमधलं एकही ताट भरलेलं परत आलं नाही.

"खांदा भरून आलाय गं," एफ्राईम कण्हला.

"बाम लावा," शुलामित म्हणाली.

स्वतःचेच शब्द ऐकून तो ओशाळला. मग उठला, बाटली घेऊन आला आणि आधी तिच्या खांद्याला लावायला बसला.

सणानंतर कंपनीला शेवटचं पत्र गेलं. सही पहिली शुलामितची, मग बाकीच्यांची. 'वेळ: दुपारभर. माणसं: घरात असतील तेवढी. ही चव पाकिटात बसली तर जरूर बसवा. नाही बसली तर पाकिटावर निदान एवढं छापा, की घरच्या पुरुषांनीही ढवळावे.'

मंडळी, कंपनी ते छापेल तेव्हा छापेल. आपण तोवर थांबायचं कारण नाही. ज्या चवीला आपण 'आमची' म्हणतो, तिच्यामागे घरातल्या कुणाचा खांदा झिजतो आहे ते आज विचारा. आणि नुसतं विचारून गप्प बसू नका, तिच्या हातातला चाटू घ्या.